छापील मिशा

साथ आली तेव्हा सगळ्यांना तोंड झाकायला सांगण्यात आलं, आणि गल्लीने थोडी कुरकुर करून का होईना, झाकलं. एकट्या नानांनी झाकलं नाही. त्यांच्या तोंडावर मिशा होत्या, आणि त्या काही झाकून ठेवायच्या मिशा नव्हत्या.

या मिशांबद्दल आधी सांगायला हवं. नाना स्वतः गोष्ट सांगत असते तर त्यांनीही सुरुवात तिथूनच केली असती. नाना शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचे दरवान होते. लाल कोट, पितळी बटणं, आणि नाकाखालून निघून गालभर पसरलेल्या, टोकांना मेण लावून वर वळवलेल्या मिशा. पाहुणे गाडीतून उतरले की आधी नानांबरोबर फोटो काढून घेत आणि मग खोली बघायला जात. हॉटेलने त्यांना पगारावर वेगळा मिशीभत्ता लावून दिला होता. असा भत्ता मिळणारा दुसरा माणूस नानांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता, आणि ही गोष्ट ऐकली नसेल असा माणूस गल्लीत उरला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी हॉटेलने कोट परत घेतला, टोपी परत घेतली. मिशा परत मागायची मात्र मॅनेजरची छाती झाली नाही.

नाना आता मुलाच्या घरी राहत. खाली सुनेचा फोटो स्टुडिओ, वर घर. नाना तिला सूनबाई म्हणत, म्हणून गल्लीही तिला सूनबाईच म्हणे. दुधाची पिशवी टाकणारा ‘सूनबाई, दूध’ अशी हाक मारायचा आणि इस्त्रीवाला ‘सूनबाई, चादर जळली’ असं सांगायचा. एवढ्या सासऱ्यांची सून जगात दुसरी नसेल.

तिचा नवरा मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायला होता. साथीमुळे बंदरं बंद झाली आणि त्याचं जहाज भर समुद्रात नांगर टाकून बसलं. फोन लागायचा, आवाज यायचा, पण चित्र चौकोनाचौकोनांनी गोठायचं. नवऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी तिला फरशी बसवल्यासारखं काहीतरी दिसायचं. त्या फरशीतून तो दर वेळी एकच सांगे, “नानांना जप गं.” आणि जपायला कारण होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी न्यूमोनियाने नानांचं एक फुप्फुस निम्मं कामातून घालवलं होतं. पुन्हा छातीत काही शिरलं तर आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून नाना नुसते शिंकले तरी तिच्या तोंडचं पाणी पळे.

आणि हा माणूस रोज संध्याकाळी उघड्या तोंडाने कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसत होता.

“नाना, मास्क लावा,” ती म्हणे.

“तोंडाला फडकं बांधलेला माणूस माझ्या हॉटेलच्या दारात दिसला असता,” नाना म्हणत, “तर मी त्याला पोलिसांत दिला असता.”

तिने त्यांचे जोडे लपवले, तर ते तिच्या चपला घालून गेले. तिने चपलाही लपवल्या, तर अनवाणी गेले आणि बाकावरच्या चार म्हाताऱ्यांना सांगून आले की सुनेने मला देशोधडीला लावलं. वॉर्डाच्या दवाखान्यातली नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत, ती दारोदार फिरून माहिती देई. साडेचार फूट उंची आणि आवाज मात्र दोन मजल्यांचा. तिने नानांना रस्त्यात अडवून सांगितलं, “आजोबा, असंच उघड्या तोंडाने फिरलात तर आमच्याकडे तुमची खाट तयार आहे.” त्यावर नानांनी विचारलं, “खाटेचं राहू दे, तुमच्या दाराला दरवान आहे का?”

शेवटी सूनबाईच्या मनात आलं की नानांना तोंड झाकण्याचं दुःख नाहीच, दुःख मिशा झाकण्याचं आहे. मग मिशा झाकायच्याच कशाला?

स्टुडिओत एक तापवायचं प्रेस होतं. लोकांचे फोटो कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर उठवायचं. साथीत कपही कोणी छापत नव्हतं आणि फोटोही कोणी काढत नव्हतं. तिने नानांचा एक झकास फोटो काढला, डोळ्यांखाली आडवा कापला, आणि नाक, मिशा, हनुवटी असा सगळा ऐवज पांढऱ्या कापडावर उठवून त्याचा मास्क शिवून घेतला. नानांनी तो लावला आणि आरशासमोर उभे राहिले. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

“डावा पीळ जरा कमी आलाय,” ते शेवटी म्हणाले. याचा अर्थ पसंत पडलं, हे सूनबाईला लग्नापासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी नाना बाकावर गेले ते मिशांसकट. आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओसमोर सहा-सहा फुटांवर माणसं उभी राहिली. तोंडं झाकल्यापासून गल्लीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. इस्त्रीवाल्याने एका परक्याच माणसाला बायको समजून भाजी आणायला पाठवलं होतं. आता प्रत्येकाला स्वतःचं तोंड हवं होतं. सूनबाईने सगळ्यांना अंगणात उभं करून, लांबची लेन्स लावून तोंडं टिपली. दात दाखवायचे की नाही यावरून घराघरात भांडणं झाली. सगळ्यात शेवटी आल्या हेडबाई.

हेडबाई म्हणजे समोरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची गॅलरी नानांच्या गॅलरीसमोर, आणि नानांच्या मिशा त्यांच्या दृष्टीने बेशिस्त. “हा पोरखेळ आहे,” असं त्या आठवडाभर म्हणत राहिल्या आणि मग गपचूप येऊन उभ्या राहिल्या. ओठ असे मिटलेले की आता कोणाला तरी वर्गाबाहेर काढणार.

गल्लीतली झाडून सगळी तोंडं झाकली जाणार म्हणून सिस्टर एवढी खूश झाली की स्टुडिओच्या दारात उभं राहून तिने सूनबाईला सलाम ठोकला. मग तिचं लक्ष नानांकडे गेलं. ती त्यांच्या एका बाजूला गेली, दुसऱ्या बाजूला गेली, आणि स्वतःचं बोट त्यांच्या गालाशी, न टेकवता, आडवं धरलं.

“नाना, हा मास्क नाही. ही छत्री आहे.”

खरंच होतं ते. छापील मिशांच्या खाली खऱ्या मिशा, आणि त्या आपला मान सोडायला तयार नाहीत. त्यांनी कापड दोन्हीकडून तंबूसारखं वर उचलून धरलं होतं.

“मास्क गालाला चिकटून बसायला हवा,” सिस्टर म्हणाली. “कडेने वारा आत-बाहेर करत असेल तर वर काहीही छापा, उपयोग शून्य. एक तर मिशा उतरवा, नाहीतर घरात बसा.”

“मुंडकं उतरवून देतो,” नाना म्हणाले.

सिस्टर हसली. नाना हसले नाहीत. सूनबाईने खाली बघून प्रेसची वायर गुंडाळायला घेतली. ‘नाना, माझ्यासाठी काढा’ हे वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिने गिळलं. लाल कोट गेला, टोपी गेली, बायको गेली. या माणसाकडे आता स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. त्या दोन केसांच्या गुच्छांपायी आपण सासऱ्याला गमावणार, असं तिला वाटलं आणि तिला त्या मिशांचा मनापासून राग आला.

रविवारी सकाळी सिस्टरने तपासणी ठेवली. सगळ्यांनी हात धुवायचे, पाकिटातून मास्क पांढरी बाजू आपल्याकडे ठेवून नुसत्या नाड्यांना धरून काढायचा, लावायचा, आणि शिट्टी वाजली की आपापल्या दारात उभं राहायचं. पुढून हात लावायचा नाही. एकदा लावला की चाचपायचा नाही, खाली ओढायचा नाही, आणि काढून ‘बघू कसा आलाय’ तर मुळीच करायचं नाही. जुन्या मास्कवरच्या मिशा रोज उकळून उकळून पुसट होत नाहीशा झाल्या होत्या, त्यामुळे नानांनीही नवा मागितला होता, डावा पीळ सुधारून. आणि पहिला नंबर अर्थातच त्यांचा.

सूनबाईने आदल्या दिवशी ओळीने मास्क छापले होते. प्रेसमधून निघालेलं कापड तोंड खाली करूनच ठेवावं लागतं, नाहीतर गरम छापावर धूळ चिकटते. तसं तिने एकावर एक ठेवलं, शिवायला दिलं, शिवणाऱ्या मावशींनी शिवून तस्सा गठ्ठा परत पाठवला, आणि थकल्या हातांनी तिने तो ओळीने नावं घातलेल्या पाकिटांत भरला. वरून एकेक उचलत. पालथा गठ्ठा सुलटा करायचा असतो, एवढी एकच गोष्ट त्या दिवशी तिच्या डोक्यातून निसटली. म्हणजे पहिल्याचं तोंड शेवटच्याच्या पाकिटात, शेवटच्याचं पहिल्याच्या, आणि अशीच सगळी गल्ली उलटी.

शिट्टी वाजली. दारं उघडली.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण तोंडाला लागतो. आणि आरशात बघायला कोणाला सवड होती? प्रत्येकाने दारात येऊन आधी समोर पाहिलं. कुलूपवाल्याला पार्लरवालीचे लालचुटुक ओठ. पार्लरवालीला कुलूपवाल्याची आठवड्याची दाढी. शिवणाऱ्या मावशींना त्यांच्या धाकट्या जावयाचं हसू, दोन दातांमधल्या फटीसकट, आणि जावयाला सासूबाईंची हनुवटी. पुढच्या क्षणाला गल्ली फुटली. कुलूपवाला उंबऱ्यावर बसला, मावशी दाराची कडी धरून वाकल्या. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून हसत होता, आणि आपण मात्र ठीकठाक आहोत अशी प्रत्येकाची खात्री होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते असं. इथे तर ज्याच्या त्याच्या नाकाखाली मुसळ होतं. एकटा इस्त्रीवाला गठ्ठ्याच्या बरोबर मध्ये होता, त्यामुळे त्याला त्याचंच तोंड मिळालं. आपल्याकडे बघून कोणीच का हसत नाही, म्हणून तो दिवसभर खट्टू होता.

नाना आधी सगळ्यांत मोठ्याने हसले. मग त्यांनी समोर पाहिलं. समोरच्या दारात हेडबाई उभ्या होत्या, पाठ ताठ, चष्मा नीट, आणि चष्म्याखाली नानांच्या मिशा. डावा पीळ सुधारलेल्या.

“सूनबाई,” नाना हळूच म्हणाले, “माझ्या तोंडावर कोण आहे?”

तिने सांगितलं. नाना आत गेले आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

लोक अदलाबदल करायला पुढे सरसावले तेव्हा सिस्टरने शिट्टी फुंकली. हसून हसून तिच्या चष्म्यावर वाफ जमली होती, पण नियम म्हणजे नियम. “खबरदार. लावलेला मास्क दुसऱ्याला द्यायचा नाही. ज्याने जे लावलंय ते त्याचं.”

“पण हे माझं नाही,” पार्लरवाली म्हणाली.

“आता आहे.”

फोटो कापडावर उठवायचा खास कागद संपला होता, दुकानं बंद होती. म्हणजे नवा कागद येईपर्यंत गल्लीने एकमेकांची तोंडं घेऊन फिरायचं ठरलं. आणि मोठी गंमत झाली, लोक मास्क काढेनासे झाले. शेजारच्या गल्लीतून माणसं बघायला येत आणि सिस्टर त्यांना सहा फुटांवर उभं करून हात धुण्याबद्दल सांगून घेई. हेडबाई तर रंगात आल्या. आयुष्यभर पोरांना सरळ रांगेत उभं करणारी ती बाई आता सकाळ-संध्याकाळ गॅलरीत येई आणि कापडावरच्या मिशांना पीळ देई.

“हेडबाई,” नाना समोरून ओरडत, “मास्कला पुढून हात लावायचा नसतो. सांगितलंय तसं.”

“माहीत आहे हो. पण मोह आवरत नाही. तुम्हाला कसा आवरला इतकी वर्षं?”

“मला कुठे आवरला?” नाना म्हणत आणि दार लावून घेत.

हेडबाईंचं तोंड लावून ते बाकावर जाणं शक्य नव्हतं, आणि आता उघड्या तोंडाने जायचीही सोय राहिली नव्हती. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी ‘मास्क असेल तरच बस’ असा ठराव केला होता. नाना रुसून घरात बसले. हा रुसवा सूनबाईच्या असा पथ्यावर पडला की तिला जिन्यात एकटीलाच नाचावंसं वाटलं. खिडक्या उघड्या, माणूस घरात, जोडे जागेवर. छापायचा कागद आला त्या दिवशी तिने तो गुपचूप स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यामागे सरकवला. “आला का गं कागद?” नाना विचारत. “कुठला येतोय, नाना. सगळं बंद आहे.” ती आयुष्यात इतकं गोड खोटं कधी बोलली नव्हती.

पण देव असल्या खोट्याचा हिशेब भलत्या खिडकीवर मागतो. पासपोर्टचे फोटो काढायला लोक अधूनमधून येत, आणि फोटोपुरतं तोंड उघडावंच लागतं. एका सकाळी सूनबाईला चहाची चव लागली नाही. दुपारी अंग तापलं. सिस्टरने नाकात काडी घालून तपासणी केली आणि निकाल सांगायला स्वतः आली. तिचा दोन मजल्यांचा आवाज त्या दिवशी एकाच मजल्याचा होता.

सूनबाईने वर जायचंच नाही असं ठरलं. स्टुडिओत पलंग टाकला, मागे डोंगर आणि तळं रंगवलेला पडदा, बाजूला छोटं न्हाणीघर. दाराला काच होती. दवाखान्यात न्यावं एवढा ताप नव्हता. पाणी, विश्रांती, खिडक्या उघड्या, आणि जेवण दाराबाहेर ठेवून ठेवणाऱ्याने मागे व्हायचं. सुदैवाने नानांची तपासणी ठीक आली. वर त्यांना सगळं समजावून सिस्टर गेली.

सूनबाईने लगेच वर फोन लावला. “नाना, तुम्ही खाली यायचं नाही. हेडबाई डबा ठेवतील. तुमचाही आणि माझाही.”

“माझी सून आजारी आणि जेवण समोरून?”

“नाना, ऐका माझं. तुमचा मास्क बसत नाही नीट. सिस्टर म्हणाली होती ना, छत्री. हात जोडते. तुम्हाला काही झालं तर मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू?”

पलीकडे नानांनी एक मोठा श्वास घेतलेला तिला ऐकू आला, आणि फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही. ती पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. वर पावलं वाजत होती. मोरीचा नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी काचेपलीकडे हालचाल झाली. हेडबाई आल्या होत्या. तेच मिटलेले ओठ, तीच वर्गाबाहेर काढणारी हनुवटी. ऐकलं बाई नानांनी, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला. मग हेडबाईंनी ट्रे खाली ठेवायला वाकताना पायजमा वर ओढला. हेडबाई पायजमा कधीपासून घालायला लागल्या? तापात माणसाला काहीही दिसतं म्हणून तिने डोळे मिटले, उघडले. पायजमा होताच. निळ्या रेघांचा. तिनेच मागच्या आठवड्यात इस्त्रीला दिलेला, आणि गुडघ्याशी जळलेला.

“नाना,” ती उठून बसली, “आधी वर जा. आत्ताच्या आत्ता वर जा. सांगितलं होतं ना तुम्हाला...”

आणि तिचं बोलणं तिथेच थांबलं.

तिने पोट तोंडं बघून भरलं होतं. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते हे तिला बघायला लागत नसे, दिसत असे. मावळतीचं ऊन बाजूने नानांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. आजवर त्या मास्कच्या दोन्ही कडांना, गालावर, एक-एक काळी खोबण दिसायची. आज ती नव्हती. कापड नाकापासून हनुवटीपर्यंत, गालापासून गालापर्यंत सपाट बसलं होतं. बोट सोडा, सुई शिरायला जागा नव्हती. हेडबाईंचे ओठ खऱ्या हेडबाईंवरसुद्धा इतके नीट बसले नसते.

नानांनी ट्रे ठेवला, सहा फूट मागे झाले, टाचा जुळवल्या आणि मोठ्या हॉटेलच्या दारात ठोकायचे तसा कडक सलाम ठोकला.

“सूप गरम आहे तोवर पी,” हेडबाईंच्या ओठांमागून ते म्हणाले. “मीठ घातलंय का आठवत नाही.”

मीठ दोनदा घातलं होतं. तिने ते रडत रडत संपवलं, त्यामुळे आणखी थोडं खारट झालं.

त्यानंतर ते दिवसातून तीनदा येऊ लागले. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. काचेपलीकडे खुर्ची टाकून ते गल्लीची बित्तंबातमी देत: कुलूपवाला पार्लरवालीची दाढी परत मागतोय, आणि इस्त्रीवाल्याने स्वतःच्याच मास्कवर कोळशाने मिशा काढून घेतल्यात. जाताना दर वेळी सलाम. ती हसायची, खोकायची, आणि ते गेले की कान छताकडे लावून पडायची. वर कोणी खोकतंय का? एका दुपारी खोकल्याची जोराची उबळ ऐकू आली आणि ती दारापर्यंत धावली. नानांनी वरून फोन केला. “काही नाही, स्वतःचंच सूप प्यायलो. एवढे दिवस तू हे कसं प्यायलीस गं?”

ताप उतरला. चवीही एकेक करून परतल्या, आणि नेमकी सगळ्यात आधी खारट. सिस्टरने पुन्हा दोघांच्या नाकात काड्या घातल्या, आणि या वेळी तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दोघंही स्वच्छ. आता घरात एकमेकांसमोर मास्क नको.

सूनबाई किती दिवसांनी जिना चढली. स्वयंपाकघरात नाना पाठमोरे उभे होते. गॅसवर काहीतरी जळत होतं आणि तोंडावर अजून मास्क होता.

“काढा आता, नाना.”

“असू दे. सवय झालीय. हेडबाईंचंही मन राहील.”

“काढा ना.”

कपडे बदलताना माणूस भिंतीकडे वळतो तसे ते वळले, कानामागच्या नाड्या सोडवल्या, आणि उगाच बराच वेळ मास्कची घडी घालत राहिले. मग फिरले.

नाकाखालची कातडी गोरीपान होती. तिथे उन्हाचा कधी संबंधच आला नव्हता. एवढा मोठा दरवान, आणि शाळेत पहिल्या दिवशी उभा केल्यासारखा दिसत होता. आपण ज्याच्यासाठी एवढं घाबरलो, ज्याने आपल्यासाठी हे केलं, तो माणूस आपण आज पहिल्यांदा बघतोय, असं तिला वाटलं.

“फोटो कापायची तुझी कात्री वर होती, ती घेतली,” नाना म्हणाले. “आधी डावी उडवली. मग आरशात एकटी उजवी बघितली आणि मलाच हसू आवरेना. अर्धा माणूस हॉटेलात, अर्धा रस्त्यावर.”

आणि ते हसले.

हसताना त्यांच्या वरच्या ओठाचं डावं टोक आधी वर गेलं, क्षणभर थांबलं, उजवं येतंय का बघितल्यासारखं, आणि मग उजवं आलं. सूनबाईने हातातला टॉवेल खाली ठेवला. हे हसू तिला पाठ होतं. नवऱ्याच्या याच हसण्यावर भाळून तिने लग्न केलं होतं. गेले कित्येक महिने ती ते फोनवरच्या गोठलेल्या चौकोनांत शोधत होती, आणि ते तिच्याच घरात, मिशांच्या आड, रोज तिच्यासमोर जेवायला बसत होतं.

नानांचा हात सवयीने पीळ द्यायला वर गेला, तिथे काही सापडलं नाही, तसाच खाली आला.

“काय बघतेस एवढी? फार वाईट दिसतंय का?” त्यांनी विचारलं. “येतील म्हणा पुन्हा. दोन-तीन महिने लागतील.”



“येऊ द्या नाना, जरूर येऊ द्या,” ती म्हणाली. “पण तो घरी येईपर्यंत थांबाल?”